नाकाचा प्रश्न

मराठींत अब्रूचें घर नाकांत आहे. नाक वर करून चालणें, नाक घासणें, नाक कापलें जाणें या सर्व वाक्प्रचारांच्या मुळाशीं एकच समजूत दिसते, कीं माणसाचें नांव त्याच्या नाकास बांधलेलें असतें. परभणी जिल्ह्यांतील पालमहून एका भगिनीनें आम्हांस जें पत्र धाडलें आहे, त्यांतही नाकाचाच प्रश्न आहे. त्यांच्या धाकट्या दिरांच्या गालावर फिकट, बधिर चट्टा उठला आहे. वन्संचें लग्न जमेपर्यंत दवाखान्याचें नांव काढूं नये, असें सासूबाईंचें म्हणणें. “महारोगांत नाक बसतें म्हणतात, तसें झालेंच तर शस्त्रक्रियेनें तें पूर्ववत् होतें काय?” असें त्या विचारतात.

होतें. परंतु तें कसें होतें हें कळल्यावर तितकी वाट पाहावी असें कोणास वाटेलसें आम्हांस वाटत नाहीं.

नाक नवें करण्याची विद्या मुळांत आपलीच. सुश्रुतसंहितेंत तिचें वर्णन आहे. पुढें १७९२ च्या लढाईंत इंग्रजांच्या सैन्यांत बैल हांकणाऱ्या कावसजी नांवाच्या मराठा गाडीवानाचें नाक टिपूच्या लोकांनीं कापलें. पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातींतील एका कारागिरानें मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकाराचा करून तो कपाळावर पसरला, कडेनें रेघ ओढली, तेवढी कातडी सोडविली, आणि भुवयांमधील पट्टी न तोडतां ती फिरवून खालीं बसविली. पट्टीवाटे रक्त पोहोंचत राहतें म्हणून कातडी जगते. ही हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्यें लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्यें सचित्र छापली गेली, तिच्या आधारें कार्प्यू नामक शस्त्रवैद्यानें १८१४ सालीं लंडनांत तोच प्रयोग केला. कावसजीचें नांव राहिलें. कारागिराचें कोणीं लिहून ठेवलें नाहीं.

विलायतेंत गेलेली ही विद्या पुण्यास परत आणणाऱ्यांत डॉ. नोशीर अंतिया यांचें नांव आम्ही आधीं घेऊं. हे पारशी गृहस्थ १९२२ सालीं हुबळीस जन्मले आणि इंग्लंडांत सर हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखालीं शिकले. पहिल्या महायुद्धांत तोफगोळ्यांनीं फाटलेले सैनिकांचे चेहरे ज्यांनीं पुनः उभे केले, तेच हे गिलीज. १९५६ च्या सुमारास अंतिया स्वदेशीं आले आणि पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयांत काम करूं लागले.

तेथें विटकऱ्याची युक्ति जशीच्या तशी चालण्यासारखी नव्हती. कापलेल्या नाकाची कातडीच गेलेली असते. कुष्ठरोगांत मात्र नाकाचें आंतील ओलसर अस्तर व मधली कूर्चा झिजते. बाहेरील कातडी बहुधा शाबूत राहते, पण अस्तर आकसल्यामुळें ती आंत ओढली जाऊन नाक चपटें होतें. म्हणजे उणें आहे तें अस्तर. आंगरख्याचें अस्तर फाटलें म्हणून शहाणा शिंपी नवा आंगरखा बेतीत नाहीं. गिलीज यांच्या रीतीस अनुसरून अंतिया वरचा ओठ उचलून आंतून शिरत, आकसलेलें सारें मोकळें करीत, आणि रोग्याच्याच अंगावरील पातळ त्वचा साच्याभोवतीं गुंडाळून आंत बसवीत. बाहेर एकही व्रण दिसत नसे. परंतु नवें अस्तर पुनः आकसूं नये म्हणून आधार ठेवणें, पुढें जरूर तर हाड बसविणें, हें सर्व आलेंच.

नाकावरच हें थांबत नाहीं. चेहऱ्याची नस गेली म्हणजे पापणी मिटत नाहीं, आणि उघडा डोळा सुकून दृष्टि जाण्याची भीति असते. तेव्हां कानशिलावरील चर्वणाच्या स्नायूची पट्टी पापण्यांतून ओवतात. मग रोग्यानें दांत आवळले कीं डोळा मिटतो! जेवतांना प्रत्येक घासाबरोबर डोळे मिटणारा मनुष्य पाहून मुलांस हंसूं येईल. मोठ्यांनीं तें आवरावें. १९६७ सालीं डॉ. बुच यांच्यासह अंतियांनीं कानाच्या कडेचा गेलेला भाग कानाच्याच उरलेल्या कडेंतून सरकवून भरण्याची रीत प्रसिद्ध केली. ती आजही ‘अंतिया-बुच’ या नांवानें जगभर शिकविली जाते व कर्करोगासाठीं कान कापावा लागलेल्यांसही उपयोगी पडते.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत कुष्ठरुग्णांवर सर्वसाधारण रोग्यांप्रमाणें शस्त्रक्रिया करणें, हें आमच्या मतें त्यांचें याहूनही मोठें कार्य. आणि इतकी कीर्ति मिळाल्यावर हा मनुष्य वळला कोठें, तर खेड्याकडे. १९७५ सालीं त्यांनीं सामाजिक आरोग्याच्या संशोधनासाठीं संस्था काढली. अलिबागजवळ मांडव्याच्या परिसरांत अल्पशिक्षित स्त्रियांस आरोग्याचें काम शिकविलें. रोग दारांतच ओळखला गेला तर नाक बसविण्याची वेळच येत नाहीं, हें नाकें बसविणाऱ्यास जितकें कळलें तितकें दुसऱ्या कोणास कळणार? २००७ सालीं ते निवर्तले.

पालमच्या भगिनींनीं सासूबाईंस हें वाचून दाखवावें. बधिर चट्टा कुष्ठरोगाचा असेलच असें आम्ही म्हणत नाहीं. तें डॉक्टरांनीं ठरवावें, आणि लग्नाच्या आधींच ठरवावें. जागतिक आरोग्य संघटनेनें १९८२ सालीं सुचविलेली बहुविध औषधें सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतात. प्रकाराप्रमाणें ६ किंवा १२ महिने तीं घ्यावीं लागतात. कायद्याचें भयही आतां उरलेलें नाहीं: १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांत कुष्ठरोग हें घटस्फोटाचें एक कारण होतें, तें २०१९ सालीं काढून टाकण्यांत आलें. औषध सुरूं झाल्यावर रोग लागण्याची भीति लवकरच नाहींशी होते, तेव्हां दिरांचें पान वेगळें मांडूं नये.