ठिणगी आणि विमान

मध्यम लहरींवर धारवाड केंद्र लावून गाणे ऐकत बसावे आणि नेमकी त्याच वेळी दारावरून मोटारसायकल जावी. गाण्यात खरखर मिसळे आणि गाडी दूर गेली की विरून जाई. हा अनुभव आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना नवा नाही. त्या खरखरीचे मूळ इंजिनातील ठिणगीत असते. १८८७ साली हाइनरिख हर्ट्झ याने विद्युत्चुंबकीय लहरी प्रयोगाने सिद्ध केल्या, त्याही ठिणगी पाडूनच. म्हणजे प्रत्येक स्पार्क प्लग हा एक लहानसा, पण बेशिस्त प्रेषकच होय. तो एका लहरीवर थांबत नाही. साऱ्या पट्ट्यावर पसरतो.

तारिहाळच्या औद्योगिक वसाहतीत, एका शेडच्या आवारात, हाच प्रकार नुकताच पाहिला. पण या वेळी प्रश्न गाण्याचा नव्हता. स्नेह्यांच्या चिरंजीवाने पेट्रोल इंजिनाचे नमुना-विमान बांधले आहे. इंजिन बंद असता शेपटीचे पाते हुकमी हले. इंजिन सुरू होताच ते आपोआप थरथरू लागले. चार-पाच किलोंचे यंत्र, पुढे गरगरता पंखा आणि खाली पाळी सुटून निघालेली माणसे! असे विमान आकाशात ऐकेनासे झाले तर काय होईल, हे सांगावयास नको.

दोष शोधावयाचा तो जमिनीवर आणि क्रमाने. विमान घट्ट बांधावे, एकाने ते धरावे, पंख्याच्या रेषेत कोणीही उभे राहू नये. प्रेषकाची शक्ती चाचणीपुरती कमी करून, इंजिन बंद ठेवून दूर चालत जावे आणि पाती कितव्या पावलाला अडखळतात ते टिपून ठेवावे. मग इंजिन चालवून तीच पावले पुन्हा मोजावी. अंतर एकदम घटले, तर संशय ठिणगीवर. केवळ वेग वाढवल्यावरच बिघाड दिसला, तर हादऱ्याने सैल होणारे जोडही तपासावे.

यानंतर एका वेळी एकच बदल करावा. नाहीतर दोष जातो, पण कारण कळत नाही. प्लगची टोपी पक्की बसली आहे ना? तिच्या तारेवरील धातूची जाळी अखंड आहे ना? प्लग सुमारे पाच हजार ओहम रोधाचा आहे ना? ठिणगीची बॅटरी व बटण स्वतंत्र असावे आणि तो सारा संसार ग्राहकापासून निदान तीस सेंटिमीटर दूर ठेवावा. थ्रॉटलची दांडी धातूची असल्यास नायलॉनची बसवावी. धातूवर धातू घासला तरी खरखर उठते. टोपी काढून ठिणगी मात्र कधीही पाडू नये, प्रज्वलन-संच निकामी होतो.

हल्लीच्या २.४ गिगाहर्ट्झच्या संचांना हा त्रास जुन्या ३५ वा ७२ मेगाहर्ट्झच्या संचांहून पुष्कळ कमी होतो. पण लांब तारा उपद्रव गोळा करतातच, म्हणून चाचणी टाळू नये. संदेश तुटल्यास इंजिन आपोआप मंदावेल, अशी योजनाही आधीच करून ठेवावी.

आमच्या चिरंजीवाच्या विमानात जाळी टोपीपाशी तुटलेली निघाली. ती जोडताच दोन्ही वेळची पावले सारखी भरली. "आता उडवू या!" तो म्हणाला. त्याला थांबवावे लागले. हुबळीचा विमानतळ तेथून जवळ आहे आणि २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या आसपास अनुमतीवाचून नमुना-विमानही उडवता येत नाही. तो किंचित हिरमुसला; पण मोजलेल्या पावलांचा आकडा त्याने वहीत लिहून ठेवला. छंदाला शिस्त लागते ती अशाच नोंदींतून.