परवाना ही मेहेरबानी नव्हे

वसईहून पहाटेच्या गाडीने भाजी आणि फुले घेऊन मुंबईस जाणाऱ्या आपल्या भगिनींना ‘परवाना दाखवा’ हे शब्द नवे नाहीत. परवाना नाही म्हणजे हक्कही नाही, अशी अनेकांची समजूत आहे. आमच्या मते ती उलटी आहे.

राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने प्रत्येक नागरिकास व्यवसायाचे स्वातंत्र्य दिले आहे. रस्त्यावरील विक्री हा त्याच स्वातंत्र्याचा भाग होय, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९८९ साली सोदान सिंग खटल्यात दिला. हवे तेथे ठाण मांडण्याची मुभा मात्र त्या निकालाने दिलेली नाही. सार्वजनिक हितासाठी वाजवी बंधने घालता येतात आणि परवाना हे त्यांपैकीच एक. हक्क आधीचा, परवाना नंतरचा.

२०१४ च्या पथविक्रेता कायद्याने हाच क्रम मानला. पाच वर्षांतून किमान एकदा सर्वेक्षण करावे, विक्रेत्यांना प्रमाणपत्रे द्यावीत आणि हे काम पुरे होईपर्यंत कोणासही उठवू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. प्रमाणपत्रधारकाचे निधन झाल्यास त्याची पत्नी अथवा अवलंबून असलेले अपत्य ती विक्री पुढे चालवू शकते. विक्रेत्यांचे ४० टक्के प्रतिनिधी असलेल्या समितीच्या शिफारशीनुसार जागांचा आराखडा व्हावा, अशीही तरतूद आहे.

मुंबईत सर्वेक्षण झाले २०१४ साली. त्या प्रतिनिधींसाठी मतदान झाले ऑगस्ट २०२४ मध्ये! विलंब प्रशासनाचा, दंड मात्र टोपलीवालीला. हा न्याय कोणता?

पदपथावरून चालता येत नाही, ही पादचाऱ्यांची तक्रार खोटी नाही. परंतु तिचे उत्तर ठरवून दिलेल्या जागांत आहे, टोपल्या उचलणाऱ्या गाडीत नाही. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईसाठी दिलेल्या आदेशात प्रार्थनास्थळापासून १०० मीटरच्या आत विक्रीस मनाई केली. मेणबत्त्या, फुले यांसारख्या भाविकांना लागणाऱ्या वस्तूंना तेवढी सूट ठेवली. म्हणजे चर्चच्या फाटकाशी मेणबत्तीवाली चालेल, शेजारची वांगीवाली नाही. अशी रेघ ओढताना तिचे म्हणणे ऐकले जावे, एवढ्यासाठीच ती समिती आहे.

तूर्त एक गोष्ट आपल्या भगिनींना सांगून ठेवावीशी वाटते. माल जप्त झाला तर अधिकाऱ्याच्या सहीची यादी मागून घ्यावी. ती देणे कायद्याने बंधनकारक आहे. फुले, भाजी, मासळी असा नाशवंत माल शुल्क भरून मागितल्यास त्याच दिवशी परत मिळाला पाहिजे.