पैलवानाच्या पहिल्या वर्षाचा जमाखर्च

जत्रेंत पोरानें पहिली मोठी कुस्ती मारली कीं सारा गांव म्हणतो, "पोरगा कमावता झाला." फेटा बांधतात, हलगीच्या कडकडाटांत खांद्यावर घेऊन फडाला फेरी मारतात. मी गेलें वर्षभर कोल्हापुरांत तालमींत राहून इनामाच्या कुस्त्या खेळतों आहे. कमावता कोण झाला, तें हिशेबावरून पहा.

पहाटे जोर-बैठका, मग हौद्यांत लढत, संध्याकाळीं पुन्हां तेंच. या मेहनतीला भाकरी-आमटी पुरत नाहीं. दूध, तूप, बदामाची थंडाई, अंडीं, मटण लागतें. शिवाय गाडीभाडें आणि औषधपाणी. घरच्या म्हशीचें दूध डेअरीला जायचें थांबतें आणि किटली एस.टी.नें तालमीकडे निघते. डेअरीचें बिल बंद झालें म्हणजे घरच्या बाईच्या हातांत येणारा रोकडा पैसा बंद झाला. बहिणीच्या ताटांत त्या दुधाचा थेंब पडत नाहीं. मर्दानी खेळावर व्याख्यानें झोडणारे पुढारी या ताटाविषयीं बोलल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं.

आतां जमेची बाजू. ती लहान आहे. रेवड्यांच्या कुस्त्यांतून वर आलेल्या पोराला पहिल्या वर्षीं हलक्या इनामाची जोड मिळते. निकाल लागला तर इनाम. बरोबरींत सुटली तर कमिटी देईल तें. पुकारा एका रकमेचा आणि हातीं पडली निम्मी, असा अनुभव मला एका यात्रेंत आला. पुढल्या साली बोलावणार नाहींत, या भयानें कोणी तोंड उघडीत नाहीं. फडाची गर्दी चैत्र-वैशाखांत. पावसाळ्यांत बहुतेक बंद. खुराक मात्र बारा महिने. मधेंच गुडघा फिरला तर हळद लावणारी आईच, आणि सावकाराकडे जाणारा बापच.

शाहू महाराजांच्या कारकीर्दींत हा भार दरबार उचलीत असे. १९१२ सालीं त्यांनीं खासबागेचें मैदान उभें केलें, मल्लांना खुराक दिला. १९४९ सालीं संस्थान विलीन झालें आणि तो आश्रय गेला. आज कांहीं साखर कारखाने मानधन देतात हें खरें, पण तें मोजक्यांच्या वांट्याला येतें.

त्याच महाराजांनीं १९०१ सालीं मराठा विद्यार्थ्यांसाठीं बोर्डिंग काढलें, आणि १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. आम्हीं मैदान लक्षांत ठेवलें, शाळा विसरलों. "कुणब्याचा पोर अंगानें दांडगा" ही वाहवा लेखणी हातीं ठेवणाऱ्यांना फार सोयीची आहे! गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ सालीं हेलसिंकीहून ऑलिंपिकचें कांस्यपदक घेऊन आले, ते राजाराम कॉलेजचे विद्यार्थी होते. त्यांच्या प्रवासासाठीं लोकांनीं वर्गणी काढली, प्राचार्य खर्डेकरांनीं स्वतःचें घर गहाण टाकलें. तालीम आणि शाळा यांचें वैर असतें तर हें घडलें नसतें. तेव्हां वस्तादांनीं पोराची शाळा सुटूं देऊं नये. गुडघा गेल्यावर अक्षर तरी हातीं राहील.

यात्रा कमिटीला पैसा देतो कोण? तुम्हीच. मग तिला विचारा. इनामाची रक्कम जोड लागतांनाच दोघांना लिहून मिळावी. बरोबरीला काय मिळेल तें आधीं ठरावें. तिकिटाच्या व वर्गणीच्या पैशांतून कांहीं भाग जखमी पैलवानाच्या औषधासाठीं बाजूला काढावा, आणि जत्रा उठल्यावर सारा हिशेब चावडीवर वाचला जावा. यंदा पंच वर्गणीला दारीं येतील तेव्हां पावतीबरोबर गेल्या सालचा हिशेबही मागा, आणि मागतांना घरच्या बायकांना पुढें बसवा. दूध त्यांचें गेलें आहे.