ओढ्यात औषध ओतण्याआधी दगड उचलून पाहा

परतीचा पाऊस सरला की आपल्या जिल्ह्यातले ओढे निवळतात. गढूळपणा जातो, तळाचे दगड दिसू लागतात. नेमकी याच दिवसांत ग्रामपंचायतीकडे एक तक्रार हमखास येते. ‘ओढ्याकाठी चिलटं फार झालीत, गुरं एका जागी उभी राहत नाहीत, काहीतरी मारा.’ सदस्य माना डोलावतात, सरपंच होकार देतात आणि कोणीतरी पंप पाठीला लावून ओढ्यावर जातो. कुठे फिनेल ओततात, कुठे गाडीचे जळके ऑइल, कुठे भातावर मारून उरलेले कीटकनाशक. बिल निघते, ठराव प्रोसिडिंगात चढतो आणि थोड्याच दिवसांत चिलटं पुन्हा हजर!

हा प्रकार बंद झाला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. पैसा वाया जातो हे एक कारण झालेच. पण मुरबाड, अंबरनाथ, कल्याण तालुक्यांतले कितीतरी ओढे शेवटी उल्हास नदीला मिळतात, आणि त्या नदीचे पाणी मोहने-मोहिलीजवळ उचलून कल्याण-डोंबिवलीला पाजले जाते. वर गावात ओतलेला डबा खाली कोणाच्या हंड्यात जातो, हे ज्याने त्याने समजून घ्यावे.

आता या चिलटाविषयी. डास वेगळा, गोमाशी वेगळी. ओढ्याकाठी दिवसाउजेडी चावणारी, बारीक, काळपट, पाठीला कुबड असलेली माशी ही वेगळीच जात आहे. शास्त्रात तिला सिम्युलियम म्हणतात, इंग्रजीत ब्लॅक फ्लाय, म्हणजे काळी माशी. (विदर्भात संत्र्यावर ‘काळी माशी’ पडते आणि तिने कोळशी येते, तिचा हिच्याशी संबंध नाही. ती पानातला रस शोषणारी कीड आहे, खरी माशीसुद्धा नव्हे.) ही माशी फक्त दिवसा आणि उघड्यावर चावते. म्हणून रात्री गोठ्यात केलेला धूर डासांना चालतो, हिला त्याचा काही उपयोग नाही. रक्त पिते ती मादी. गुरांच्या कानात, पोटाखाली, सडांवर बसते आणि चावल्या जागी गांधी उठते.

डासाच्या अळीला साचलेले पाणी लागते, या माशीच्या अळीला वाहते. अळी जिऱ्याच्या दाण्याएवढी असते. दगडावर किंवा पाण्यात लोंबणाऱ्या गवताच्या पात्यावर ती रेशमाची छोटी गादी विणते, शेपटाच्या आकड्यांनी तिला घट्ट धरते आणि धारेत डोके सोडून डोलत राहते. तोंडाजवळ दोन पंखे असतात. वाहत येणारे बारीक कण त्या पंख्यांनी गाळून खाते. म्हणजे आपण जसे चाळणीने पीठ चाळतो, तसा हा जीव ओढा चाळत बसतो. पुढे चपलेच्या आकाराचा कोष विणते आणि त्यातून श्वासाचे तंतू बाहेर काढते. पाणी थांबले, त्यातला प्राणवायू संपला, की तिचा कारभार आटोपला.

खरी गंमत पुढेच आहे. ही एक जात नाही. दिसायला सारख्या, पण स्वभावाने वेगळ्या अशा अनेक जाती आहेत. भाताच्या खाचरात देवभात निघाले की फुलोऱ्यापर्यंत ते ओळखू येत नाही, तसेच हे. आय. एम. पुरी यांनी भारतातल्या या माश्यांवर १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला निबंध लिहिले, तेव्हापासून त्या ओळखण्याचे काम आपल्या देशात चालू आहे. कोषाचे तंतू किती आणि कसे फुटतात, यावरून काही जाती ओळखता येतात. काही इतक्या सारख्या असतात की अळीच्या लाळग्रंथीतली गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय फरक कळतच नाही. पण ओढ्याला तो कळतो! एकीला झाडांच्या सावलीतला थंड, अरुंद झरा लागतो, तिच्या चुलत बहिणीला उन्हातले उघडे, रुंद पात्र. एक धबधब्याच्या जोरात टिकते, तिचे पंखे आखूड आणि मजबूत. दुसरी संथ धारेत राहते, तिचे पंखे मोठे. काहींना अगदी निर्मळ पाणी हवे, काहींना थोडी घाण मानवते, उलट तिच्यावर त्या पोसतात.

म्हणून ‘चिलटं वाढली’ या तक्रारीचा अर्थ बहुतेक वेळा असा, की ओढा बदलला. काठची करंज-उंबराची झाडे तुटली, पात्र उघडे पडले, सावलीतली जात गेली आणि उन्हातली आली. किंवा वरच्या अंगाला गोठ्याचे धुवण, एखाद्या फार्महाऊसचे सांडपाणी ओढ्यात सुटू लागले आणि गाळून खाणाऱ्या अळीला आयते जेवण मिळाले. अशा वेळी औषध ओतले तर काय होते? चांगल्या-वाईट सगळ्याच जाती मरतात. त्यांना खाणारे पाणकिडे आणि मळ्ये, खवलीसारखे मासेही मरतात. मग वरच्या धारेतून नव्या अळ्या वाहत येतात, माद्या उडत येऊन अंडी घालतात. खाणारे शत्रू मात्र लवकर परत येत नाहीत. रान मोकळे सापडल्यावर चिलटं पहिल्यापेक्षा जास्त होतात. डीडीटीच्या जमान्यात परदेशातल्या नद्यांवर हे घडून गेले आहे.

जवळच्या जातींतला फरक ओळखणे किती मोलाचे, ते पश्चिम आफ्रिकेने दाखवले. तिथे ही माशी एका जंतामुळे होणाऱ्या आंधळेपणाचा प्रसार करते. नदीकाठची सुपीक जमीन टाकून गावेच्या गावे उठून गेली होती. (तो रोग आपल्याकडे नाही, उगाच घाबरू नये.) १९७४ मध्ये सात देशांनी मिळून मोहीम सुरू केली आणि २००२ पर्यंत ती अकरा देशांत चालली. हेलिकॉप्टरने दर आठवड्याला नद्यांवर टेमेफॉस टाकत. हे तेच औषध, जे आपला आरोग्य कर्मचारी डासांच्या अळीसाठी पाण्याच्या टाकीत टाकतो. तिथे ज्या माशीला एकच जात समजत होते, त्या अनेक जाती निघाल्या. गवताळ प्रदेशातल्या जाती डोळे घालवणाऱ्या, जंगलातल्या त्यामानाने सौम्य. १९८० च्या सुमारास टेमेफॉसला दाद न देणारी माशी आधी जंगलातल्या जातींत दिसली. मग मोहिमेने औषधे आलटून पालटून वापरली आणि बीटीआय हे जिवाणूंपासून बनवलेले, बाकीच्या जीवांना फारसे न छळणारे औषध आणले. आधी जात ओळखली, पाण्याची गती मोजली, मग मात्रा ठरवली. आपल्याकडे अंदाजाने डबा उपडा करतात.

आपल्या मलेरियाच्या डासांचेही तसेच आहे. डोंगरपायथ्याच्या संथ ओढ्यांत वाढणारा फ्लुव्हिएटिलिस हा एक डास नाही, हे दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात दाखवले. एस, टी, यू अशी नावे दिलेल्या त्याच्या तीन जातींपैकी ‘एस’ माणसाला चावणारी आणि पक्की मलेरियावाहक, बाकीच्या दोघींची मदार मुख्यतः गुरांवर. नुसत्या डोळ्यांना तिन्ही सारख्याच.

आता उल्हास नदीकडे पाहू. राजमाचीच्या डोंगरातून निघून ती कर्जत, नेरळ, बदलापूर करत रायते, कांबा, वरप, म्हारळवरून मोहन्याला येते. घाटापलीकडच्या ठोकरवाडी धरणाचे पाणी भिवपुरीच्या वीजघरातून गेली शंभर वर्षे हिच्यात उतरते, म्हणून उन्हाळ्यातही ती वाहती असते. हे आपले मोठे भाग्य. पण बारमाही केलेल्या नदीवरही लक्ष ठेवावे लागते. दक्षिण आफ्रिकेत ऑरेंज नदीवर धरणे झाली, हिवाळ्यात आटणारी नदी बारा महिने वाहू लागली आणि चटेरी नावाची एकच जात इतकी माजली की मेंढपाळ हैराण झाले. दुसऱ्या जातीही त्याच नदीत होत्या, फायदा मात्र हिचाच झाला.

मोहन्याला वेगळे चित्र आहे. बंधाऱ्यामागे पाणी तुंबते, वरच्या गावांचे आणि मोहने, गाळेगाव नाल्यांचे सांडपाणी वर्षानुवर्षे नदीत आले. ते वळवायची कामे महापालिकेने हाती घेतली, तरी जलपर्णी दरवर्षी नदी झाकते. एनआरसी कारखाना २००९ मध्ये बंद पडला, पण पाणी त्यामुळे आपोआप सुधारले नाही, कारण माणसांची घाण वाढतच गेली. अशा पाण्यात दगडाला चिकटणारी अळी टिकत नाही. तिची जागा गटारातल्या क्युलेक्स डासाने आणि जलपर्णीच्या मुळात सोंड खुपसून श्वास घेणाऱ्या मॅन्सोनिया डासाने घ्यायची. चावणारी माशी गेली म्हणून कोणी आनंद मानू नये. वाहत्या पाण्यातला जीव गेला आणि साचलेल्या पाण्यातला आला, हा सौदा घाट्याचा आहे.

मग ग्रामपंचायतीने करायचे काय? फवारणीचा ठराव घेण्याआधी दोन सदस्य, आशा ताई आणि शाळेची चार मुले घेऊन ओढ्यावर जावे. जोराच्या धारेतले दहा दगड उचलून पाहावेत. डोलणाऱ्या काळ्या अळ्यांबरोबर तीन शेपट्यांचे चपटे किडे आणि वाळूच्या नळीत राहणारे किडे दिसले तर ओढा ठीक आहे, औषधाची गरज नाही. नुसत्या काळ्या अळ्यांचे थर दिसले तर वर कोणी घाण सोडतो आहे, त्याला नोटीस द्यावी. दगडावर करडी बुळबुळ आणि रक्तासारखे लाल किडेच असतील तर ओढ्याचे गटार झाले आहे, आणि मग प्रश्न चिलटांचा राहिलाच नाही. ग्रामसेवकाने (नवे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी असले तरी लोकांच्या तोंडी ग्रामसेवकच) हे निरीक्षण तारखेनिशी नोंदवून ठेवावे. याला खर्च काही नाही.

वनराई बंधाऱ्यांविषयीही थोडे. ते बांधलेच पाहिजेत, रब्बीचा वाल, हरभरा आणि विहिरी त्यावर तगतात. पण पोत्यांवरून पाणी पातळ धारेने पसरून पडते, तिथे माशीच्या अळ्यांना आयती जागा होते आणि मागच्या तुंबाऱ्यात डास होतात. एका बाजूला पाइप घालून ठेवावा आणि आठवड्यातून एक दिवस तो उघडावा. पाण्याची पातळी उतरली की सांडव्यावरच्या अळ्या उन्हात वाळून मरतात आणि काठाच्या डबक्यांतल्या अळ्या कोरड्या पडतात. हे काम रोजगार सेवकाकडे नाही तर ज्याचे शेत बंधाऱ्याला लागून आहे त्याच्याकडे सोपवावे. त्यालाच पाण्याची काळजी जास्त.

गुरांसाठी तोवर साधा उपाय. या माश्या बहुतेक सकाळी आणि संध्याकाळी जास्त चावतात, त्या वेळी जनावरे धारेपासून लांब चारावीत. कानाला, पोटाला करंज तेलाचा हात फिरवला तर काही काळ माशी बसत नाही. हा उपाय आपल्या आज्यांना ठाऊक होता.

राहिले म्हारळ, वरप, कांब्याचे सांडपाणी. या ग्रामपंचायतींत इमारती शहरासारख्या उभ्या राहिल्या आणि गटारव्यवस्था मात्र गावासारखीच राहिली. एकेका ग्रामपंचायतीला सांडपाणी शुद्धीकरणाचा प्रकल्प पेलणारा नाही. जिल्हा परिषद, महापालिका आणि एमआयडीसी, म्हणजे या नदीचे पाणी उचलणारे आणि तिच्यात सोडणारे, यांनी एकत्र खर्च वाटून घेतल्याशिवाय मोहन्याचा बंधारा मोकळा होणार नाही. येत्या ग्रामसभेत फवारणीच्या ठरावाऐवजी या मागणीचा ठराव घ्यावा आणि त्याला दहा दगडांची नोंद जोडून तो जिल्हा परिषदेकडे पाठवावा.