केसांआधी नाक पाहा

फ्लॅटमध्ये मावेल असा लहान, झुपकेदार केसांचा कुत्रा हवा, असे घरात ठरले की चर्चा बहुधा दोन नावांवर येऊन थांबते : पोमेरेनियन आणि शिह त्झू. मुले मोबाइलवर फोटो दाखवतात, आजीला केस किती गळतील याची काळजी असते, शेजारी भुंकण्याबद्दल आधीच सांगून ठेवतात. हे प्रश्न गैर नाहीत. पण महाराष्ट्रातल्या हवेत या दोन जातींमधला सर्वात मोठा फरक केसांत नाही, नाकात आहे. पिल्लू घेताना नाकाबद्दल मात्र क्वचितच कोणी विचारते.

माणूस घाम गाळून अंग थंड ठेवतो. कुत्र्याला तशी सोय जवळपास नाही. पंजांच्या तळव्यांना थोडाफार घाम येतो, तेवढाच. बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. जीभ, तोंड आणि नाकाच्या आतले ओलसर पडदे यांवरून हवा वेगाने फिरते, ओलावा उडून जातो आणि रक्त थंड होते. कुत्र्याच्या शरीराचे तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सियस असते. नागपूर-चंद्रपुरात मे महिन्यात बाहेरची हवाच त्याहून तापलेली असते, त्यामुळे ओलावा उडणे हा एकच मार्ग उरतो. मुंबईत किंवा कोकणात पारा तेवढा चढत नाही, पण हवा इतकी दमट असते की ओलावा लवकर उडत नाही. म्हणजे दोन्हीकडे कुत्र्याला भरपूर हवा आत-बाहेर खेळवता आली पाहिजे.

शिह त्झूची अडचण इथेच आहे. बाहुलीसारखा चपटा चेहरा मिळावा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या आखूड नाकाची पिल्ले निवडली गेली. कवटीचे हाड आखूड झाले, पण आतले मऊ भाग त्या प्रमाणात लहान झाले नाहीत. टाळूचा मागचा मऊ पडदा लांब पडून श्वासाच्या वाटेत लोंबतो, नाकपुड्या चिरेसारख्या अरुंद राहतात. झोपेत घोरणारे पिल्लू घरच्यांना गोड वाटते, पण अनेकदा ती श्वासासाठी चाललेली झटापट असते. डोळ्यांच्या खोबणीही उथळ होतात. डोळे बाहेर आल्यासारखे राहतात, चेहऱ्यावरचे केस त्यांना घासतात आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला जखमा होतात. नेदरलँड्समध्ये २०१९ पासून नाकाची लांबी कवटीच्या एक-तृतीयांशाहून कमी असलेल्या कुत्र्यांची पैदास करता येत नाही. त्या नियमाच्या कक्षेत शिह त्झूही येतो. तिथली हवा तर थंड आहे.

याचा अर्थ प्रत्येक शिह त्झू आजारी असतो असा नाही. काहींच्या नाकपुड्या चांगल्या रुंद असतात. स्वभाव म्हणाल तर तो शांत, मांडीवर रमणारा, फारसा न भुंकणारा. वयस्कर जोडप्याला सोबत म्हणून तो सहज आवडावा. पण उन्हाळ्यातल्या दुपारी वीज गेली आणि घरात कोणी नसले तर काय, याचे उत्तर ज्या कुटुंबाकडे नाही, त्याने या जातीचा मोह टाळलेला बरा. विदर्भ-मराठवाड्यात तर नक्कीच. त्यात चहात बुडवलेली बिस्किटे आणि तुपाची पोळी भरवून कुत्रा जाड केला, तर श्वासाची वाट आणखी अरुंद होते.

मग पोमेरेनियन घ्यावा का? या दोघांतच निवड करायची असेल तर कौल त्याच्या बाजूने जातो, कारण त्याला बऱ्यापैकी लांब नाक आहे. मात्र तोही थंड प्रदेशातल्या स्पिट्झ कुळातला, दुहेरी केसांचा. दुपारचे फिरणे त्यालाही नको. खरा पोमेरेनियन जेमतेम दीड ते साडेतीन किलोचा असतो. सोफ्यावरून उडी मारताना हाड मोडू शकते, गुडघ्याची वाटी सरकण्याचा त्रास या जातीत नेहमी दिसतो. श्वासनलिका नाजूक असल्याने साखळी गळपट्ट्याला न लावता छातीवरच्या हार्नेसला लावावी. घरात पाच वर्षांखालचे मूल असेल तर एवढा लहान कुत्रा आणूच नये. ‘टीकप’ म्हणून आणखी छोटे पिल्लू विकणाऱ्याकडे तर पाठ फिरवावी. आणि हो, तो भुंकतो. लिफ्टच्या दारापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांवर.

गंमत अशी की, आपल्याकडे वर्षानुवर्षे ज्याला ‘पॉम’ म्हटले गेले तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. ‘हम आपके हैं कौन’मधला टफी त्याच जातीचा. तो पोमेरेनियनपेक्षा मोठा, हाडाने दणकट आणि इथल्या हवेत रुळलेला. फॅशन बदलली आणि तो मागे पडला. वास्तविक बहुतेक मराठी घरांना हवा असलेला लहान केसाळ कुत्रा हाच आहे.

केसांबद्दल दोनच गोष्टी. उन्हाळा आला म्हणून पोमेरेनियन किंवा स्पिट्झची हजामत करू नये. आतला मऊ थर आणि वरचे लांब केस उन्हाची झळ अडवतात, आणि एकदा तासलेले केस कधीकधी पुन्हा नीट उगवत नाहीत. रोज विंचरून सुटलेले केस काढणे पुरेसे असते. दुसरे, शिह त्झूचे केस कमी गळतात म्हणून त्याची अ‍ॅलर्जी होत नाही, हे विक्रेत्यांचे सांगणे खरे नाही. अ‍ॅलर्जी करणारी प्रथिने कुत्र्याच्या लाळेत आणि त्वचेच्या कोंड्यात असतात. घरात दम्याचा रुग्ण असेल तर त्याने आधी त्या कुत्र्याजवळ काही तास घालवून पाहावेत आणि डॉक्टरांशी बोलावे.

२०१७च्या केंद्रीय नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. नोंदणीचा कागद मागावा. पिल्लाच्या आईला पाहण्याचा आग्रह धरावा, तिला अंगणात किंवा जिन्यावर दहा मिनिटे चालवून घ्यावे आणि ती थांबल्यावर तिचा श्वास ऐकावा. घरघर ऐकू आली, किंवा विक्रेता आई दाखवायलाच तयार नसला, तर पिल्लू कितीही गोजिरवाणे असो, तिथून रिकाम्या हाताने परतावे.