हत्तीला घोड्याची चाल मागू नका

बांदाई नाम्कोचा 'गॉडझिला' हा गेम जपानमध्ये डिसेंबर २०१४ला प्लेस्टेशन ३वर आला आणि पुढच्या वर्षी प्लेस्टेशन ४सह बाकीच्या जगात. तो भंगार आहे, हे आता कुणी मत म्हणून सांगत नाही, पाढा म्हणावा तसं म्हणतात. त्यातल्या एका आरोपावर माझं भांडण आहे आणि नेमका तोच आरोप सगळ्यात मोठ्याने केला जातो : गॉडझिला फार हळू आहे, पटकन वळत नाही, कंट्रोल जड आहेत.

अहो, जड असणारच. तो ५० मीटर उंच आहे!

थोडं गणित करू, अकरावीच्या फिजिक्सपलीकडचं नाही. १ मीटरवरून सोडलेला दगड जमिनीवर यायला सुमारे ०.४५ सेकंद लागतात. २५ मीटरवरून सोडला, तर सुमारे २.२५ सेकंद. उंची २५ पट, वेळ ५ पट. पहिला दगड माणसाच्या कमरेवरून पडला असं समजा, दुसरा गॉडझिलाच्या. म्हणजे २ मीटरचा माणूस ५० मीटरचा झाला, तर त्याचं पाऊल टाकणं, तोल जाणं, कोसळणं हे सगळं साधारण पाचपट संथ दिसायला हवं. दिसलं नाही, तर डोळा लगेच ओळखतो की हा राक्षस नाही, रबरी सूट घातलेला माणूस आहे.

सूट घातलेल्या माणसांना हे १९५४मध्येच कळलं होतं. इशिरो होंडाच्या मूळ 'गॉडझिला'त हारुओ नाकाजिमा सुमारे १०० किलोच्या सूटमध्ये शिरून चालत होता. स्पेशल इफेक्ट्स सांभाळणाऱ्या एइजी त्सुबुराया यांनी ते प्रसंग जास्त वेगाने चित्रित केले आणि पडद्यावर नेहमीच्या वेगाने दाखवले. त्यामुळे हालचाल संथ झाली आणि संथ झाल्यामुळेच अवजड. त्या काळ्यापांढऱ्या चित्रपटातली भीती या संथपणातून येते. त्याला घाई नाही, आणि तुम्हाला पळायला जागा नाही.

गेम बनवणाऱ्यांनी हेच बटणांवर आणलं. स्टिकने पुढे-मागे चाला, अंग वळवायला एल१ आणि आर१ दाबा. सुरुवातीला वैताग येतो, खोटं कशाला बोला. पण थोड्या वेळाने लक्षात येतं की वळायच्या आधी विचार करावा लागतोय. शेपूट कुठे जाईल, शत्रू कुठून येईल, मध्ये कुठली इमारत आहे. अंगाचं वजन बोटांना कळायला लागतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. 'ॲप स्लो आहे' अशी एका ओळीची तक्रार माझ्याकडे आठवड्याला एकदा तरी येते. पहिला प्रश्न ठरलेला : स्लो म्हणजे काय? बटण दाबल्यावर यंत्राने दखलच उशिरा घेतली, तर तो लॅग. सेकंदाला ६० फ्रेम धावणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची असते, आणि तिथे चार-पाच फ्रेम वाया गेल्या तरी हाताला टोचतं. तो दोषच. पण दखल लगेच घेतली, राक्षसाने खांदा हलवायला लगेच सुरुवात केली आणि पूर्ण वळायला वेळ घेतला, तर ते जडत्व. पहिला बग आहे, दुसरं डिझाइन. रिव्ह्यूंमध्ये दोन्हींना एकच शिवी मिळते.

'मॉन्स्टर हंटर'मध्ये मोठी तलवार एकदा उगारली की वार पूर्ण होईपर्यंत सुटका नाही. तिथे हेच लोक त्याला 'कौशल्य' म्हणतात. शिकारी जड चाललेला चालतो, राक्षस का नाही?

आता कुणी म्हणेल, चाहत्याची वकिली चाललीय. नाही. या गेमचे खरे गुन्हे वेगळे आहेत. तेच ते जनरेटर पुन्हापुन्हा फोडायचे. शहरं इतकी पोकळ की कागदी खोके वाटावेत. तिथे कुणी राहत होतं याची खूण नाही, मग ते पाडण्याचं काही वाटणार कसं? यावर रागवा, मीही सोबत येतो. पण 'कंट्रोल जड' म्हणून मोकळं झालं की हे प्रश्न विचारायचे राहूनच जातात.

वेगवान राक्षसांशी माझं वैर नाही. २००३चा 'वॉर ऑफ द मॉन्स्टर्स' भन्नाट आहे : इमारतींवर चढा, गाड्या फेका. मलेशियात बनलेला २०२२चा 'गिगाबॅश' चार मित्रांनी एका सोफ्यावर बसून धुमाकूळ घालावा असाच आहे. त्यांना दंगल करायची होती, त्यांनी ती झकास केली. हत्ती हवा आणि घोडाही हवा. माझी तक्रार सगळ्यांना घोड्याच्याच फूटपट्टीने मोजण्याबद्दल आहे. बनवणारेही रिव्ह्यू वाचतात. प्रत्येक रिव्ह्यू 'चपळ करा' म्हणत राहिला, तर उद्या प्रत्येक राक्षस हा मोठ्या मापाचे कपडे घातलेला बॉक्सर होईल.

आणि एक गोष्ट. हा 'गॉडझिला' काही वर्षांतच डिजिटल दुकानातून काढला गेला. आज खेळायचा तर जुनी डिस्क शोधा, आणि ती स्वस्तात मिळत नाही. म्हणजे बहुतेकांसाठी गेम उरलेलाच नाही, उरलीत फक्त त्याच्याबद्दलची मतं. अशा वेळी मत हा केवळ शेरा राहत नाही, तो पुरावा होतो. न खेळलेला माणूस त्याच्यावरच विसंबणार. म्हणून पुढच्या वेळी एखाद्या गेमला 'स्लो' म्हणण्याआधी एवढंच तपासा : यंत्र झोपलं होतं, की समोरचा जीव खरंच तेवढा मोठा होता?