बदललेल्या माणसासोबत कोण चालणार?



गेल्या पावसाळ्यात आमच्या दृढीकरणाच्या जुन्या वर्गातला एक मुलगा रविवारच्या मिस्सानंतर भेटायला थांबला. मुलगा म्हणायचा आपला, आता सत्तावीस वर्षांचा आहे, मकरपुरा जीआयडीसीत पाळीवर काम करतो. त्याने एका लाइफ कोचकडे तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स घेतला होता. फी हप्त्यांनी भरत होता. आकडा ऐकून आम्ही जे बोलायला नको तेच बोलून गेलो : ‘‘अरे, त्यापेक्षा रोज घरी रोझरी म्हटली असतीस तर?’’

तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, ‘‘सर, तो माणूस दर बुधवारी फोन करून विचारतो, हा आठवडा कसा गेला. आपल्या चर्चमध्ये दहा वर्षांत मला हे कोणी विचारलंय का?’’

आमच्याकडे उत्तर नव्हते. याच मुलाला आम्ही दोन वर्षे धर्मशिक्षण दिले, संस्कारांची व्याख्या पाठ करून घेतली, आणि बिशपांनी त्याच्या कपाळाला तेल लावल्यानंतर जणू आमचे काम संपले. त्याचे वडील गेले तेव्हा आम्ही प्रेतयात्रेला होतो. त्यानंतरच्या महिन्यात त्याच्या घरी गेलो होतो का, हे आम्हाला आठवत नाही. म्हणजे गेलो नसणार.

हे सारे आज लिहायचे कारण असे की, येत्या प्रायश्चित्तकाळात मांजलपूरच्या आपल्या लोकांसाठी ‘जीवन परिवर्तन’ या विषयावर एक दिवसाचे शिबिर ठेवावे, बाहेरून एक वक्ता बोलवावा, अशी सूचना पुढे आली आहे. सूचना करणाऱ्यांची तळमळ खरी आहे. दुसऱ्या बाजूला काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात की हे सगळे थोतांड आहे, माणसाला देव बदलतो, कोच नव्हे. आम्हाला दोन्ही बाजू अर्ध्याच पटतात.

आधी हा कोच आला कुठून ते पाहू. कोच म्हणजे मुळात घोड्यांची गाडी. हंगेरीतल्या कोच नावाच्या गावात अशा गाड्या बनत, त्यावरून हे नाव पडले. पुढे एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डचे विद्यार्थी परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या शिक्षकाला गमतीने कोच म्हणू लागले, कारण तो त्यांना पैलतीरी नेऊन सोडी. मग खेळाचे कोच आले, आपल्याकडे कोचिंग क्लास आले, आणि १९९० च्या दशकात अमेरिकेत माणसाच्या आख्ख्या आयुष्याचाच कोच हा व्यवसाय उभा राहिला. थॉमस लिओनार्ड हे त्याच्या प्रवर्तकांपैकी एक, आणि ते मूळचे आर्थिक सल्लागार. लोक पैशांचा सल्ला घ्यायला येत आणि बोलत मात्र आयुष्याबद्दल, हे त्यांच्या लक्षात आले. १९९५ मध्ये त्यांनी कोच लोकांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली. शरीर, मन, नाती, काम, पैसा, श्रद्धा या सगळ्यांचा एकत्र विचार करायचा, सल्ला कमी द्यायचा, प्रश्न जास्त विचारायचे आणि दर आठवड्याला हिशेब घ्यायचा, अशी ही पद्धत.

हे वाचताना आम्हाला हसू आले, कारण हे आपल्याच घरचे आहे.

१५२१ साली पाम्पलोनाच्या लढाईत तोफेचा गोळा लागून इग्नेशियस लोयोला यांचा पाय मोडला. तेव्हा ते तिशीचे सरदार होते, डौलाची हौस इतकी की, पायाचे हाड बाहेर आलेले दिसते म्हणून त्यांनी ते पुन्हा कापून घेतले, आणि तेही भूल न देता. अंथरुणावर वेळ घालवायला त्यांनी वीरांच्या प्रेमकथा मागितल्या. घरात त्या नव्हत्या. होते फक्त ख्रिस्ताचे चरित्र आणि संतांच्या कथा. पडल्या पडल्या ते कधी दरबारातल्या पराक्रमांची स्वप्ने रंगवत, कधी संतांसारखे जगण्याची. दोन्हींत मन रमत असे. पण हळूहळू त्यांना एक फरक जाणवला. पहिली स्वप्ने संपली की मन कोरडे पडे, दुसऱ्यांची गोडी मात्र नंतरही रेंगाळत असे. पुढे त्यांनी लिहिलेल्या आध्यात्मिक साधनेचे मूळ या एवढ्याशा निरीक्षणात आहे. पोप तिसरे पॉल यांनी त्या पुस्तकाला १५४८ मध्ये मान्यता दिली.

शिबिराच्या बाबतीत आमची शंका इथेच आहे. टाळ्या, घोषणा, डोळ्यांत पाणी, शेवटी एकमेकांना मिठी. हे सगळे संध्याकाळपर्यंत छान वाटते. बुधवारी सकाळच्या पाळीला जाताना त्यातले काय उरते? आम्ही स्वतः अशी दोन शिबिरे केली आहेत. त्यांच्या वह्या कपाटात आहेत, पहिली चार पाने भरलेली.

इग्नेशियस यांच्या पुस्तकात चार ‘आठवडे’ आहेत, मिळून साधारण तीस दिवसांचे. त्यात एक साधी युक्ती सांगितली आहे. स्वतःचा एकच दोष निवडायचा. सकाळी उठताच त्याची आठवण ठेवायची, दुपारच्या जेवणानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर आठवून पाहायचे, आणि जितक्या वेळा पाय घसरला तितके ठिपके कागदावरच्या रेघेवर द्यायचे. आठवड्याच्या सात दिवसांच्या रेघा, एकीखाली एक. आज मोबाइलवर हॅबिट ट्रॅकर मिळतो तो हाच. ज्यांना कामधंदा सोडून तीस दिवस जाता येत नाही, त्यांनी रोज दीड तास घरीच साधना करावी, अशी सोयही त्यात आहे. आणि मार्गदर्शकाला एक ताकीद : साधकाला आपल्या मताकडे ओढू नये, तराजूच्या काट्यासारखे मध्ये उभे राहावे, देवाला आणि त्या माणसाला बोलू द्यावे. आमच्यासारख्या शिकवण्याची सवय जडलेल्यांना ही ताकीद सर्वांत जड जाते. (रोझरीचा तो शेरा आठवा.)

आणि हे सगळे दूर युरोपातच राहिले असेही नाही. मुंबईत १९३१ मध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू अँथनी डिमेलो यांनी १९७० च्या दशकात पुण्यात ‘साधना’ ही संस्था सुरू केली. नंतर ती लोणावळ्याला गेली. इग्नेशियन साधना, मानसोपचारातले समुपदेशन आणि आपल्या मातीतले ध्यान यांची सांगड घालून ते धर्मगुरूंना आणि धर्मभगिनींना तयार करत. त्यांचे ‘साधना’ हे पुस्तक १९७८ मध्ये आपल्या शेजारच्या आणंदच्या गुजरात साहित्य प्रकाशने काढले, आणि तिथून ते जगभर गेले. पुस्तकाची सुरुवात कुठून होते? पापापुण्यापासून नाही. गप्प बसा, शरीराला काय जाणवते ते पाहा, श्वास कसा आतबाहेर करतो ते पाहा, इथून. आजच्या भाषेत ज्याला होलिस्टिक म्हणतात ते लोणावळ्याच्या थंडीत तेव्हाच चालू होते.

१९९८ मध्ये, डिमेलो यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, व्हॅटिकनने त्यांच्या लिखाणाविषयी सूचना काढली. सुरुवातीच्या लिखाणातले चांगले मान्य करून, पुढच्या लिखाणात ते ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्यापासून दूर गेल्याचे त्यात म्हटले होते. हे आम्ही लपवत नाही. शांत होणे ही वाट झाली, मुक्काम नव्हे, आणि कोणाच्या समोर शांत व्हायचे हे विसरले की ध्यान म्हणजे नुसता विसावा उरतो. पण त्या सूचनेचे निमित्त करून आपण ऐकणे, सोबत करणे, शरीराची दखल घेणे हेही सोडून दिले, आणि ती रिकामी जागा बाजाराने घेतली. बाजाराला दोष कशाला द्यायचा?

टिकणारा बदल कसा असतो, हे आम्हाला धर्मशास्त्राच्या पुस्तकाआधी बी.ए.ला मराठी साहित्य घेतले होते तेव्हा कळले. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई आपल्या पंथाचे नव्हते, पण मराठी ख्रिस्ती माणसाचे ते आजोबा-आजीच. रेल्वेच्या प्रवासात एका अनोळखी युरोपियन माणसाने टिळकांच्या हाती नवा करार दिला, आणि सुमारे दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ही गोष्ट आपण प्रवचनांत नेहमी ऐकतो. लक्ष्मीबाईंची कमी ऐकतो. वडिलांना सोवळ्याचे वेड, आणि त्याच घरात त्या वाढलेल्या. पती ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षे त्या दूर राहिल्या. परत एकत्र आल्या तेव्हाही स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळक मुळात तापट आणि उतावळे, पण या बाबतीत त्यांनी जबरदस्ती केली नाही. बाईंनी स्वतःच्या डोक्याने जातीचा विचार केला, एकेक बंधन तपासून सोडले, आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. पाच वर्षे! आजच्या कोणत्या पॅकेजमध्ये पाच वर्षे बसतील? पण तो बदल असा पक्का की ‘स्मृतिचित्रे’ लिहिताना त्या स्वतःच्या जुन्या सोवळ्यावर स्वतःच हसू शकल्या.

आता आम्हाला सर्वांत बोचणारी गोष्ट. माणूस बदलतो तेव्हा आपण मंडळी काय करतो? जक्कयाच्या घरी प्रभू जेवायला गेला तेव्हा यरीहोचे लोक कुरकुरले. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवलेल्यांना चौपट परत, एवढे तो म्हणाला, तरी त्याच्या शेजाऱ्यांनी त्याला पुन्हा जकातदार म्हणणे सोडले असेल असे वाटत नाही. शौल दिमिष्काच्या वाटेवर बदलला, पण यरुशलेमच्या शिष्यांचा त्याच्यावर विश्वास बसेना. ते त्याला घाबरत. तेव्हा बर्णबाने त्याला हाताला धरून प्रेषितांकडे नेले. पुढे शौल तार्ससला जाऊन राहिला तर त्याला शोधून अंत्युखियाला आणणारा पुन्हा बर्णबाच. प्रेषितांच्या कृत्यांत बर्णबाची भाषणे फारशी नाहीत. पण तो नसता तर पौलाची पत्रे कोणी वाचली असती?

आमच्याच वस्तीत एकाने दारू सोडली. या राज्यात दारूबंदी आहे, तरी सोडावी लागते, हा विनोद आपण सगळे जाणतो. तो आठ महिने कोरडा होता. लग्नाच्या जेवणात कोणी ना कोणी त्याला डोळा मारून विचारायचे, ‘‘आज तरी घेणार ना?’’ त्याला कोचची गरज नव्हती. त्याला गरज होती ती दुसऱ्या बाजूला बसून पाण्याचा ग्लास उचलणाऱ्या कोणाची तरी. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसला १९३५ पासून हे माहीत आहे. तिथे नव्याला जुना सोबती मिळतो, फी नसते, आणि रात्री दोन वाजता फोन करता येतो. त्यांच्या बारा पायऱ्या पाहून एड डाउलिंग या येशूसंघीय धर्मगुरूंना आध्यात्मिक साधनेची आठवण झाली होती. ते स्वतः त्या संस्थापकाला भेटायला गेले आणि त्याचे आयुष्यभराचे मित्र झाले.

एक सावधगिरी मात्र सांगायलाच हवी. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आपल्या देशात भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. लाइफ कोचला कसलीच लागत नाही. धर्मशिक्षकालाही लागत नाही. ज्याची झोप गेली आहे, जेवण गेले आहे, जीव नकोसा झाला आहे, त्याला आमच्याकडेही आणू नका आणि कोचकडेही नेऊ नका. डॉक्टरकडे न्या. सरकारचा टेलिमानस हा क्रमांक १४४१६ दिवसरात्र चालतो आणि त्यावर मोफत बोलता येते. प्रार्थना त्यासोबत करू, त्याऐवजी नको.

शिबिराबद्दल विचाराल तर आमचे मत असे. वक्त्याच्या मानधनाचे आणि मंडपाचे जे पैसे ठरतील त्यात आपल्यातल्या चारपाच जणांना आध्यात्मिक सोबतीचे रीतसर शिक्षण घ्यायला पाठवावे. दोन स्त्रिया त्यात हव्यातच, कारण आपल्या बायाबापड्या आमच्यासारख्या पुरुषांपुढे मन मोकळे करणार नाहीत. पापनिवेदन धर्मगुरूच ऐकतील, तो संस्कार आहे. पण आठवडा कसा गेला हे विचारायला अभिषेक लागत नाही. ऐकलेले दुसऱ्याला सांगायचे नाही, हा एकच नियम कडक ठेवावा. तुळसीधाम चार रस्त्यावर संध्याकाळी काय काय चर्चिले जाते ते आम्ही ऐकले आहे.

शिबिर ठरलेच तर आम्ही खुर्च्या लावायला येऊ. आमचा विरोध वक्त्याला नाही.

तो मुलगा आता दर दुसऱ्या रविवारी, पाळी असेल त्याप्रमाणे, मिस्सानंतर अर्धा तास आमच्यासोबत धर्मशिक्षणाच्या रिकाम्या वर्गात बसतो. कोर्स त्याने पुरा केला. त्यातले सकाळी लवकर उठणे टिकले आहे, बाकीचे गेले म्हणतो. वडिलांविषयी तो पहिल्यांदा बोलला तो चौथ्या भेटीत. मागच्या वेळी निघताना दारात थांबून त्याने आम्हाला विचारले, ‘‘सर, तुमचा आठवडा कसा गेला?’’ आम्हाला पुन्हा खाली बसावे लागले.